मुलांबरोबर हॅलोवीनच्या कागदी वस्तू: ऑक्टोबरच्या दमट हवेत टिकतील अशा कुठल्या?

मोगरी (फोंडा):

नमस्कार. आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये ३१ ऑक्टोबरच्या आधीच्या रविवारी मुलांसाठी दोन तासांचं कागदकाम ठरलंय. मुलं १४. निम्मी पाच ते सात वर्षांची, निम्मी आठ ते अकराची. मदतीला मोठी माणसं चार. मुलांना हॅलोवीनच हवंय, म्हणजे वटवाघूळ, भोपळा, कोळी, भूत, मुखवटे.

माझ्या अटी अशा: थर्माकोल, प्लास्टिक, चमकी नको. मेणबत्ती नको. कटर मुलांच्या हातात जाणार नाही. केलेली वस्तू मुलाने त्याच दिवशी घरी न्यावी, आणि ती निदान आठवडाभर तरी मान टाकू नये. इंटरनेटवरचे व्हिडिओ कोरड्या हवेतल्या लोकांचे असतात, आपल्याकडे तोच कागद दुसऱ्या दिवशी ओल्या पापडासारखा होतो. तर कुठला कागद, किती, कुठला डिंक, आणि कुठल्या वस्तूंच्या वाटेला जाऊच नये?

---

कातर_आणि_कागद (म्हापसा):

मोगरीताई, दोन तासांत पाच प्रकार होत नाहीत. तीन घ्या: वटवाघूळ, पट्ट्यांचा भोपळा, कोळ्याचं जाळं. मुखवटा हा वेगळ्या दिवसाचा उद्योग आहे.

आधी कागद. आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरच्या मध्याला मागे हटतो, पण दुपारची गडगडाटी सर आणि सकाळचा दमटपणा राहतोच. कागद हवेतलं पाणी ओढतो आणि फुगतो, पण सगळ्या बाजूंनी सारखा नाही. कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेने झोपलेले असतात. फुगतो तो त्यांच्या आडव्या दिशेने. म्हणून कागद गुंडाळी घेतो तीही तंतूंना समांतर. ही दिशा ओळखायला सोपं आहे: ताव न दुमडता नुसता वाकवून बघा, आधी उभा, मग आडवा. ज्या बाजूने सहज वाकतो ती घडी तंतूंना समांतर. त्या दिशेने घडी घातली तर ती सुरीसारखी बसते, उलट घातली तर जाड कागदाची पाठ तडकते आणि आतलं पांढरं दिसतं. बाजारातला ए-४ कागद बहुधा लांबीच्या बाजूने तंतू असलेला असतो. मोठ्या तावातून दुकानदाराने कापून दिला असेल तर मात्र वाकवून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

नेहमीचा झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) कागद भोपळ्याला चालत नाही, दुसऱ्या दिवशी पट्ट्या खाली बसतात. उलट २५० जीएसएमचं कार्डशीट लहान मुलांच्या कात्रीला कापत नाही. भोपळ्याला १६० जीएसएम, वटवाघळाला ८० ते १००, जाळ्याला पतंगाचा कागद. घोटीव कागद एका बाजूने रंगीत आणि मागून पांढरा असतो. वटवाघळाच्या चुण्यांना तो चालतो, कारण समोरून एकच बाजू दिसते. भोपळ्याला नको, फटींतून आतला पांढरा डोकावतो.

पट्ट्यांचा भोपळा. नारिंगी ए-४, १६० जीएसएम, १० ताव. ताव आडवा कापायचा, म्हणजे पट्टी २ सेंमी रुंद आणि २१ सेंमी लांब. एका तावातून १४ पट्ट्या निघतात. दहा तावांच्या १४० झाल्या. प्रत्येक मुलाला ८ दिल्या की ११२ गेल्या. उरलेल्या २८ तुमच्या सात मोठ्या मुलांना चार-चार जादा द्या, त्यांचा भोपळा १२ पट्ट्यांचा आणि भरलेला दिसेल. पट्ट्या आदल्या दिवशी मोठ्यांनी कापून ठेवाव्यात. मुलांनी कापलेल्या पट्ट्या एका टोकाला दीड आणि दुसऱ्याला अडीच सेंमी होतात, मग भोपळा एका कुशीवर लवंडतो.

आठही पट्ट्या एकावर एक ठेवून दोन्ही टोकांपासून १ सेंमी आत पंचने भोक पाडा. पंच आठ कागद एका दमात घेत नाही, चार-चार करून पाडा. सुतळी किंवा जाड दोरा ३० सेंमी. खालच्या टोकाला गाठ, आणि गाठीच्या वर पुठ्ठ्याची २ सेंमीची चकती. ही चकती विसरलात तर पंचच्या ६ मिलीमीटर भोकातून गाठ सरळ निसटते, दर वेळी. दोरा आधी खालच्या भोकांतून ओवायचा, मग पट्ट्या वाकवून वरच्या भोकांतून, वर दुसरी चकती आणि गाठ. दोन चकत्यांतलं अंतर १२ सेंमी ठेवलं तर चेंडू होतो. भोपळा चपटा असतो, म्हणून ९ सेंमीपर्यंत ओढा. शेवटी पट्ट्या एकेक करून पंख्यासारख्या गोल फिरवायच्या. हे फिरवणं पाच वर्षांच्या मुलाला सगळ्यात आवडतं, ते त्याच्याकडेच ठेवा. देठाला हिरव्या कागदाची सुरळी, पान एक.

(आपला बाजारातला तांबडा भोपळा बाहेरून हिरवट-तपकिरी, नारिंगी असतो तो आतून. एखादं चौकस मूल विचारणार. नारिंगी सालीचा भोपळा अमेरिकेतला. त्याआधी आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे.)

वटवाघूळ. काळा ए-४ मधोमध दोन्ही बाजूंनी कापला की साडेदहा गुणिले साधारण पावणेपंधरा सेंमीचे चार तुकडे होतात, म्हणजे दोन वटवाघळांचे पंख. १४ मुलांना ७ ताव. शरीरासाठी ७ गुणिले १० सेंमीचे तुकडे, एका तावातून सहा, म्हणून आणखी ३ ताव. एकूण दहा.

पंखाच्या तुकड्याला लांब बाजूला समांतर १ सेंमीच्या चुण्या घाला, एक पुढे एक मागे, जपानी पंख्यासारख्या. एक टोक चिमटीत धरून स्टेपल करा. दुसरं टोक चुण्या मिटलेल्या असतानाच तिरपं कापा. उघडलं की वटवाघळाच्या पंखासारखे दाते पडतात. ही तिरपी काप चुण्या मिटवूनच घ्यायची, उघडून कापायला गेलात तर दाते एकसारखे होत नाहीत. लहान मुलांच्या हाती १ सेंमीची चुणी तिसऱ्या घडीनंतर तिरकी जाते, म्हणून त्यांच्या कागदावर मोठ्यांनी आधी पेन्सिलीने रेघा मारून ठेवा आणि चुणीही दीड सेंमीची करा. शरीराची सुरळी बोटाएवढी, वरचं टोक दोन्ही बाजूंनी आत दाबलं की आपोआप दोन कान उभे राहतात. वेगळे कान चिकटवू नका. पंख सुरळीच्या मागे, स्टेपल केलेल्या टोकावर डिंक लावून.

जाळं. पांढऱ्या पतंगी कागदाचा २० सेंमीचा चौरस. उघडा असतानाच मध्यबिंदूवर पेन्सिलचा ठिपका द्या. कर्णावर घडी, पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी. पहिल्या घडीत ठिपका घडीच्या मधोमध, नंतरच्या प्रत्येक घडीत टोकावर यायला हवा. आता त्रिकोणाच्या दोन कडा ठिपक्याशी मिळतात. एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे वाटीसारख्या वळणाच्या फटी कापायच्या, पण दुसरी कड ५ मिलीमीटर शिल्लक ठेवायची. एक फट, मग सेंमीभर कागद सोडायचा, मग दुसरी फट. २० सेंमीच्या चौरसात चार फटी पुरेत. ठिपक्याचं टोक कापायचं नाही. सगळी कातरणी एकाच कडेने. मूल एकदा या कडेने आणि एकदा त्या कडेने कापू लागलं की जाळं उघडताना हातात वेगळ्या पट्ट्या येतात आणि रडारड होते. म्हणून न कापायच्या कडेला आधीच लाल पेन्सिलीने जाड रेघ ओढून द्या.

तीन घड्यांचं जाळं चार दांड्यांचं होतं, चौथी घडी घातली की आठ दांड्यांचं. चौथ्या घडीत १६ थर होतात. पतंगी कागदालाच ते झेपतं, ७५ जीएसएमला कात्री घसरते. पाच वर्षांच्यांना तीनच.

---

खळीवाला (मडगाव):

वर डिंकाचं राहिलं, ते मी सांगतो. ऑक्टोबरात निम्मं काम डिंकामुळे बिघडतं.

पातळ कागदाला फेव्हिकॉल थेट नळीतून लावू नका. त्यातलं पाणी एका जागी झिरपतं, तेवढा भाग फुगतो, वाळताना आकसतो आणि तिथे सुरकुती राहते. पत्त्यांच्या पानाएवढा पुठ्ठ्याचा तुकडा घ्या, त्याच्या कडेने पातळ थर ओढा. पाच-सात वर्षांच्यांना ग्लू स्टिक द्या, पाणी कमी असतं. पण भोपळ्याचा देठ किंवा वटवाघळाचा पंख ग्लू स्टिकवर टिकत नाही. जिथे कागद ओढ घेतो तिथे फेव्हिकॉल आणि दोन मिनिटं कपड्यांच्या चिमट्यात.

सेलोटेपवर टांगू नका. दमट डिस्टेंपरच्या भिंतीवरून टेप रात्रीत सुटते, जाताना रंगाचा पापुद्रा घेऊन जाते आणि मग हॉलच्या कमिटीला उत्तर द्यावं लागतं. दोन खांबांत दोरी बांधा, वस्तू चिमट्यांनी लावा.

घरची खळ करायची असेल तर: अर्धी वाटी मैदा अर्ध्या वाटी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओता, मंद आंचेवर दोन-तीन मिनिटं घोटा. पांढरा रंग जाऊन काचेसारखी दिसू लागली की उतरवा. कच्ची राहिली तर चिकटत नाही, नुसती पिठाची भुकटी होऊन गळते. थंड करूनच मुलांना द्या. आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी आंबते, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस जाते. जुने लोक तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मुलांच्या कामात ते अजिबात घालायचं नाही, विष आहे. मीठ घाला असं सांगणारे भेटतील, पण मीठच हवेतलं पाणी ओढतं, मग खळ वाळतच नाही. त्या दिवशी लागेल तेवढीच करा आणि उरली तर टाका, हा माझा सल्ला. खळीचं काम घरात ठेवायचं असेल तर जमिनीवर ठेवू नका, झुरळं आणि मुंग्या आधी तिथे पोचतात.

आणि क्रेप कागद टाळा. घामेजलेल्या हातांना काळा आणि नारिंगी रंग सुटतो, मग तो मुलांच्या कपड्यांवर, तिथून सोफ्यावर.

---

नरकासुर_कमिटी (डिचोली):

हॅलोवीनला माझा विरोध नाही, पण मुखवटा करायचाच असेल तर तो नरकासुराचा करा, दोन्हीकडे चालेल. २०२४ ला तर नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती, म्हणजे पहाटे नरकासुराचा पुतळा जाळायचा आणि संध्याकाळी भोपळे लावायचे, सगळं एकाच दिवशी. शिंगं, बाहेर आलेले सुळे, वटारलेले डोळे, लाल जीभ. मुलांना याहून भयानक काय हवंय?

साधा मुखवटा एका तासात होतो. कार्डशीट २२० ते २५० जीएसएम, २० सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच. फक्त अर्धा चेहरा झाकणारा करा. पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा लावला की पायऱ्या दिसत नाहीत, शिवाय आत घाम साठून कार्डशीट तोंडाजवळच मऊ पडतं. खालच्या बाजूला मधोमध नाकासाठी ३ सेंमी रुंद, ३ सेंमी उंच खाच. डोळ्यांची भोकं साडेतीन गुणिले अडीच सेंमीची. पट्टीने मुलाच्या दोन बुबुळांतलं अंतर मोजा, साधारण ५ ते ६ सेंमी भरतं, तेवढं अंतर दोन भोकांच्या मध्यबिंदूंत ठेवा. एकच साचा सगळ्या मुलांना वापरला की लहानांना एका डोळ्याने बघावं लागतं. भोकं मोठ्यांनी कटरने, खाली जाड पुठ्ठा ठेवून कापावीत.

सपाट मुखवटा चेहऱ्यावर बसत नाही, दोन्ही कानशिलांकडे उघडा पडतो. वरच्या कडेला, दोन्ही भुवयांच्या वर, ३ सेंमी खोल काप द्या आणि कापाच्या दोन बाजू एकमेकींवर १ सेंमी चढवून चिकटवा. शिंपी ब्लाऊजला डार्ट घालतो तसं. मुखवटा लगेच कपाळाला वळतो.

शिंग म्हणजे १२ सेंमी त्रिज्येचा पाव गोल, गुंडाळून केलेला शंकू. तळाला सेंमीभर चिरा देऊन पाकळ्या बाहेर मोडा आणि त्या मुखवट्याच्या मागून चिकटवा. पाकळ्या न करता शंकूची कड नुसती चिकटवली तर पहिल्या धक्क्याला शिंग खाली. सुळे पांढऱ्या कागदाचे, मुखवट्याच्या खालच्या कडेवरून लोंबणारे.

इलॅस्टिक ३५ सेंमीपासून सुरू करा, डोक्याला लावून बघा, मग गाठ. भोक कडेपासून १ सेंमी आत. आणि भोक पाडायच्या आधी तिथे दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावा, नंतर नाही. स्टेपल मारलीच तर टोकं बाहेरच्या अंगाला आणि त्यावर टेप, नाहीतर गालाला ओरखडा.

कागदाच्या लगद्याचा खरा मुखवटा हवा असेल तर आठवडा हाताशी ठेवा. फुग्याला तेलाचं बोट फिरवा, त्यावर वर्तमानपत्राच्या अडीच सेंमी रुंद पट्ट्या खळीत बुडवून. पट्ट्या फाडायच्या, कापायच्या नाहीत. फाडलेली कड विरळ होते आणि खालच्या थरात मिसळते, कापलेली कड शेवटच्या रंगातूनही रेघेसारखी दिसते. एक थर वर्तमानपत्राचा, एक कोऱ्या कागदाचा, म्हणजे कुठला थर कुठे झाला ते कळतं. असे चार. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही, आणि आपल्या हवेत एका थराला अख्खा दिवस लागतो. ओल्यावर ओला चढवला की आत काळी बुरशी धरते. वाळवताना उन्हात ठेवायचा मोह होतो, तो आवरा. उन्हात फुगा फुगतो आणि ओला थर ताणतो, रात्री तोच फुगा आकसतो आणि थर सुरकुततो. सावलीत, पंख्याखाली.

जाळायच्या वेळी एक बघा: मुलांनी केलेल्या कामात थर्माकोल, चंदेरी कागद किंवा सेल असलेलं काही नसावं. नुसता कागद, गवत, बांबू जळू दे.

---

उजवाड (काणकोण):

नरकासुर_कमिटी, मुद्दा मान्य, पण मोगरीताईंकडची मुलं पाच वर्षांचीही आहेत. वटारलेले डोळे बघून त्यातली दोन घरी जातील.

भुताचं एक सोपं: पांढऱ्या पतंगी कागदाचा २५ सेंमीचा चौरस, मधोमध वर्तमानपत्राचा ३ सेंमीचा गोळा, मानेला पांढरा दोरा. टिश्यूचा नॅपकिन घेऊ नका, सकाळपर्यंत झगा लोंबतो. डोळे पेनाने काढू नका, शाई पसरते. काळ्या कागदाचे कापून लावा. टांगायचा दोरा सुईने डोक्यातून वर काढताना गाठ गोळ्याच्या खाली हवी. नुसत्या कागदात ओवला तर भूत जमिनीवर, दोरा हातात. आणि या भुताला देवचार म्हणू नका. आपल्याकडे देवचार राखणदार, त्याला रोटी देतात, या खेळात त्याला कशाला ओढायचं? कागदी थडगी आणि क्रूसही नकोत. २ नोव्हेंबरला शेजारची ख्रिस्ती घरं दफनभूमीत फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातात, त्याच आठवड्यात तुमच्या गेटवर कागदी थडगं बरं दिसत नाही.

आता कंदील, कारण कुणीतरी विचारणारच. आकाशकंदील करणाऱ्या घरांना हा नवीन नाही. नारिंगी ए-४, १२० जीएसएम, लांब बाजूला समांतर अर्धा दुमडा. दुमडीकडून उघड्या कडेकडे ८ सेंमीचे काप, दीड-दीड सेंमीवर. उघडी कड अडीच सेंमी राखायची. बहुतेक मुलं उघड्या कडेकडून कापायला सुरुवात करतात आणि कंदिलाऐवजी झालर होते. दुमडीवर एक ठळक रेघ ओढून द्या आणि कात्री रेघेवर ठेवूनच सुरू करा म्हणा. उघडा, गोल करा, दीड सेंमीवर कड चढवून चिकटवा. आत पिवळ्या ८० जीएसएम कागदाची नळी, उंची १७ सेंमी, रुंदी २८. कंदिलाची वरची कड नळीच्या वरच्या कडेला, खालची खालच्या कडेला. २१ सेंमीचा कागद १७ वर आणला की पट्ट्या आपोआप बाहेर फुगतात, भोपळ्याच्या फाकांसारख्या.

चेहरा लावताना डोळा, नाक, प्रत्येक तुकडा एकाच पट्टीला चिकटवा. दोन पट्ट्यांवर मिळून चिकटवला तर फुगवताना फाटतो. चेहऱ्याच्या जागच्या दोन पट्ट्या ३ सेंमी रुंद ठेवल्या तर डोळे मोठे बसतात.

दिवा. हा भाग नीट वाचा. बाजारात मिळणाऱ्या मेणबत्तीच्या आकाराच्या एलईडी दिव्यांत बहुधा बटणासारखा चपटा सेल असतो, सीआर-२०३२ म्हणजे २० मिलीमीटरचा. तो लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर लाळेतून वीज वाहते आणि दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. खोटं नाही, वाढवूनही सांगत नाही. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायची नाही, तडक हॉस्पिटल. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं नसेल तर तो दिवा घेऊच नका. त्याहून बरी पेन्सिल सेलवर चालणारी एलईडीची माळ, तिचा सेलचा डबा कंदिलाच्या बाहेर, उंचावर बांधायचा. आणि माळ विजेवरची नको, कागदाला टेकलेला ओला प्लग नको.

---

मोगरी (फोंडा):

सगळ्यांचे आभार. काल घरी नमुने करून बघितले. वटवाघूळ आणि भूत झकास. पण दोन ठिकाणी अडले.

१. भोपळा फिरवला की सगळ्या पट्ट्या पुन्हा घसरून एका बाजूला गोळा होतात.
२. जाळं चार घड्यांचं केलं, उघडताना मध्यापाशीच फाटलं. दोनदा.

आणि कोळी कसा करायचा ते कुणीच सांगितलं नाही.

---

कातर_आणि_कागद (म्हापसा):

भोपळा: दोरा सैल राहिलाय. ९ सेंमीवर ओढून वरच्या चकतीवर गाठ पक्की बसली की पट्ट्या एकमेकींना घट्ट दाबतात आणि जागच्या जागी राहतात. गाठ मारताना दुसऱ्या माणसाने भोपळा दाबून धरायला हवा, एकट्याच्या हाताने सेंमीभर दोरा सुटतोच. तरी घसरल्या तर आधी सगळ्या पट्ट्या सारख्या अंतरावर लावा, आणि मगच वर आणि खाली चकतीच्या आत फेव्हिकॉलचा एक-एक थेंब. डिंक आधी लावून नंतर फिरवायला गेलात तर त्या वाकड्याच वाळतात.

जाळं: चौथ्या घडीत टोक इतकं निमुळतं होतं की ठिपक्याजवळची पहिली फट जवळजवळ आरपार जाते. पहिली फट ठिपक्यापासून ३ सेंमी सोडून घ्या, बाकीच्या मोठ्या. न कापलेल्या कडेचे दांडे ५ मिलीमीटरच्या खाली उतरवू नका, कारण उघडल्यावर तेच सगळा भार घेतात. उघडताना कोपरे धरून ओढायचं नाही. कागद टेबलावर सपाट ठेवा, एकेक घडी दोन बोटांनी सोडवा. पतंगी कागद त्या वेळी दमट असेल तर दहा मिनिटं पंख्याखाली राहू द्या, ओलसर असताना तो कडेला लगेच फाटतो. घड्या चुरगळलेल्या दिसल्या तर जाड वहीत दाबून ठेवा, इस्त्री नको.

कोळी: काळ्या कागदाच्या १ सेंमी रुंद, २० सेंमी लांब पट्ट्या, एका कोळ्याला आठ. दोन पट्ट्यांची टोकं काटकोनात चिकटवा आणि एक पट्टी दुसरीवर, मग दुसरी पहिलीवर अशा आळीपाळीने दुमडत जा. स्प्रिंगसारखी जिन्याची घडी होते. ही स्प्रिंग म्हणजे एक पाय, म्हणून पाय चारच निघतात. आठ स्प्रिंगी करायला १६ पट्ट्या लागतील आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. म्हणून साधी पट्टी दीड-दीड सेंमीवर चुण्या घालून सोडा, पट्टी एक, पाय एक, आठ पट्ट्यांचे आठ. सहा पाय करणारी मुलं हमखास असतात, मोजून घ्या, सहा पायांचा तो कीटक. शरीर ५ सेंमीच्या दोन गोलांचं, पाय दोन्हींच्या मध्ये सँडविचसारखे चिकटवायचे, चार एका बाजूला, चार दुसऱ्या. पाय एकाच गोलाच्या पाठीमागे चिकटवले तर टांगल्यावर त्यांची चिकटवलेली टोकं दिसतातच, शिवाय पाय एकेक करून गळतात.

पट्ट्या कापताना तंतूंची दिशा इथे उलटी घ्या: पट्टीच्या लांबीला समांतर. पाय लोंबता नको, थोडा ताठ हवा.

---

खळीवाला (मडगाव):

एक राहिलं. वस्तू घरी नेताना प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून देऊ नका, ओलसर डिंकाची वाफ आतच कोंडते आणि सकाळी सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. चपलांचा रिकामा खोका, झाकण अर्धवट उघडं. १४ खोके आजपासूनच शेजाऱ्यांकडे मागायला लागा.